चहाच्या मळ्यातली अक्का

सकाळी उठले की पहिले काम चहाचे आधण ठेवायचे. लग्नाला तीस वर्षे झाली. या तीस वर्षांत चहाची पूड किती वेळा आधणात टाकली असेल, त्याची गणती नाही. पण ही पूड कशाची, ते झाड असते की झुडूप, त्याची तोड कशी होते, हे कधी पाहिले नव्हते. गेल्या वर्षी दसरा झाल्यावर तो योग आला. सोयाबीन घरात आले होते आणि ऊसतोडीला अजून अवकाश होता. हे म्हणाले, "चल, एकदा मुन्नार बघून येऊ." नणंद आणि तिचे यजमानही तयार झाले आणि आम्ही चौघे निघालो.

मिरजेहून रेल्वेने बेळगाव, मडगाव करीत आम्ही केरळात एर्नाकुलमला उतरलो. तिथून मुन्नार सुमारे १३० किलोमीटर. बस चार-पाच तास घेते. पण शेतकऱ्याच्या डोळ्यांना तो रस्ता कंटाळवाणा वाटत नाही. आधी रबराची झाडे दिसतात. प्रत्येक झाडाच्या सालीवर तिरपी चीर आणि खाली चीक धरायला वाटी. मग अननस, जायफळ. घाट चढू लागला की सावलीत वेलदोड्याची झुडपे. आणि एका वळणावर हे सगळे संपते. समोर डोंगरच्या डोंगर हिरव्या गोधडीने झाकलेले. नणंद म्हणाली, "वहिनी, कुणी कात्रीने कातरल्यासारखं दिसतंय!" ती बोलली ते पुढे खरेच निघाले.

मुन्नार म्हणजे तीन नद्यांचे गाव. मुतिरप्पुळा, नल्लतण्णी आणि कुंडळा या नद्या इथे मिळतात. गाव महाबळेश्वरापेक्षाही उंचावर आहे. जवळच आनमुडी शिखर, २६९५ मीटर उंच. दक्षिण भारतात याहून उंच शिखर नाही. ऑक्टोबरात सकाळी ऊन स्वच्छ पडे आणि दुपारी चारच्या सुमारास पाऊस हमखास येई.

झाड, पण वाढू न दिलेले

दुसऱ्या दिवशी जीप ठरवली. चालक तमिळ मुलगा, हिंदी बरे बोलायचा. एका मळ्याच्या कडेला त्याने गाडी थांबवली आणि आम्ही खाली उतरून चहाला पहिल्यांदा हात लावला. पान जाडसर, कडा करवतीसारखी. कंबरेएवढे झुडूप, पण बुंधा पाहाल तर मनगटापेक्षा जाड. चहा मुळात झुडूप नव्हेच, झाड आहे. मोकळे सोडले तर चांगले उंच वाढते. खुडणाऱ्याच्या हाताला यावे म्हणून ते वाढू देत नाहीत. चार-पाच वर्षांनी खोल छाटणी करतात आणि मधल्या काळात वरचा कोवळा पाला सतत खुडत राहतात. आमच्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षाला ठरलेली असते, म्हणून ह्यांना ते पटकन उमगले.

ह्यांचा दुसरा प्रश्न ठरलेलाच होता. आपल्याकडे हे येईल का? उत्तर आमचे आम्हालाच मिळाले. चहाला आंबट जमीन लागते, सामू साडेचार ते साडेपाचच्या आसपास. पाऊस भरपूर हवा, पण पाणी मुळाशी थांबता कामा नये, म्हणून डोंगरउतार. आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानात ते जगायचे नाही. मळ्यात मध्ये मध्ये सिल्व्हर ओकची झाडे उभी होती, सावली आणि वाऱ्याला आडोसा म्हणून.

चांगल्या चहासाठी दोन पाने आणि एक कोंब एवढेच खुडायचे. सुमारे साडेचार किलो ओला पाला खुडावा तेव्हा एक किलो चहा होतो. आणि पाला त्याच दिवशी कारखान्यात पोचला पाहिजे, नाहीतर तापतो, खराब होतो. तुटलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

अक्का

उतारावर दहा-बारा बायका ओळीने खुडत होत्या. कंबरेला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेला, कारण पहाटेच्या दवाने लुगडे भिजते. पायात बूट. हातात पेटी जोडलेली कात्री. पाला कापला की पेटीत पडतो, पेटी भरली की पाठीवरच्या पिशवीत. नणंदेचे बोलणे खरे झाले ते असे.

त्यांतली एक बाई माझ्याच वयाची असेल. थोडा विसावा घ्यायला ती रस्त्याच्या कडेला आली. मी सहज म्हणाले, "अक्का, बसा." ती चमकून हसली. तमिळमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते. पुढचे बोलणे चालकाने दोन्हीकडे पोचवले.

अक्काचा जन्म इथलाच. आजी तमिळ मुलखातून कामाला आली, आई याच मळ्यात राबली आणि आता ही. अक्काने विचारले, "तुमची शेती किती?" मी म्हणाले, "साडेचार एकर." "तुमच्या नावावर?" "ह्यांच्या आणि माझ्या." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझं घरसुद्धा माझं नाही. काम आहे तोवर घर. दोन वर्षांनी अठ्ठावन्न पुरी होतील. मुलगा मळ्यात कामाला लागला तर घर राहील, नाहीतर सामान बांधायचं."

मुलगा कोइंबतूरला दुकानात कामाला आहे. त्याने मळ्यात परत यावे असे तिला वाटत नाही. आणि तो आला नाही तर घर जाते. मला काही बोलायला सुचले नाही. मी डब्यातला शेंगदाण्याचा लाडू तिच्या हातावर ठेवला.

हे मळे कुणी लावले

या डोंगरांचा करार १८७७ मध्ये मन्रो नावाच्या इंग्रजाने पूंजारच्या राजाकडून करून घेतला. १८८० च्या सुमारास पहिला चहा लागला. जंगल तोडले, रस्ते काढले, झाडे लावली ती तमिळ मुलखातून आणलेल्या मजुरांनी. मुन्नारहून टॉप स्टेशनपर्यंत आगगाडीसुद्धा होती. १९२४ च्या जुलैतल्या महापुरात ती वाहून गेली ती परत झाली नाही.

१९५१ च्या मळेकामगार कायद्याने कामगारांना घर, दवाखाना, पाळणाघर देणे मालकावर बंधनकारक केले. मोठी सोय झाली. पण घर कामाला बांधले गेले ते गेलेच. २००५ मध्ये टाटांनी इथल्या बहुतेक मळ्यांचा कारभार सोडला आणि कण्णन देवन ही नवी कंपनी झाली. तिचे भाग हजारो कामगारांकडे आहेत. साखर कारखान्याच्या सभासदाला हे ऐकून बरे वाटेल. पण भागधारक झाले तरी भांडावे लागतेच. सप्टेंबर २०१५ मध्ये बोनस २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आला, तेव्हा हजारो बायका रस्त्यावर बसल्या. संघटनांच्या पुढाऱ्यांना त्यांनी जवळ येऊ दिले नाही. त्यांच्या एकजुटीचे नाव पेंपिळै ओरुमै, म्हणजे बायांची एकी. शेवटी बोनस आणि जादा रक्कम मिळून २० टक्के त्यांनी मिळवले. त्या वेळी दिवसाची मजुरी २३२ रुपये होती, ती पुढे ३०१ झाली.

अक्काने दुरून कामगारांच्या चाळी दाखवल्या. एका लांब पत्र्याखाली ओळीने खोल्या. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री पेट्टिमुडीला अशाच चाळींवर डोंगर कोसळला. ७० माणसे गेली. ते ऐकल्यावर त्या हिरव्या डोंगराकडे पाहताना मन पहिल्यासारखे राहिले नाही.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

नल्लतण्णी मळ्यातले चहाचे संग्रहालय जरूर पाहावे. सोमवारी ते बंद असते. पाला सुकवणे, चुरडणे, आंबवणे, भाजणे, चाळणे हे सगळे तिथे समजते. चाळणीतून शेवटी जी बारीक पूड पडते, ती डस्ट. कमी पुडीत कडक रंग हवा असेल तर ती चांगली. वास हवा असेल तर पानाचा चहा घ्यावा. एरविकुलम उद्यानात निलगिरी ताहर, म्हणजे रानबकऱ्या, अगदी जवळून दिसतात. त्यांच्या विण्याच्या दिवसांत, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान बंद असते. निळी कुरिंजी बारा वर्षांनी फुलते. मोठा बहर २०१८ ला आला, आता २०३० ला. स्वेटर आणि छत्री सोबत हवीच. आणि फोटोसाठी न विचारता मळ्यात शिरू नये. कुणाचे तरी ते काम चालू असते.

परत आल्यावर

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी ऊसतोडीची टोळी आली. दरवर्षीप्रमाणे त्यांनी रानाच्या कडेला कोप्या घातल्या. दरवर्षी मी त्या पाहते. त्या संध्याकाळी पाहिल्या तेव्हा मला अक्काची चाळ आठवली. तिच्या घराची मला हळहळ वाटली होती. आमच्या बांधावरच्या बायका मात्र अंधारात, उघड्यावर अंघोळ उरकत होत्या आणि पाण्याला पाव मैल जात होत्या.

मी ह्यांना एवढेच म्हणाले, "मोटारीचा पाइप कोपीपर्यंत न्यायला किती लागेल?" हे थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाइप घरातच पडलाय. उद्या नेतो." दुसऱ्या दिवशी पाइप गेला, चार पत्रे उभे करून न्हाणी झाली, एक दिवा लागला. खर्च मुन्नारच्या एका दिवसाच्या जीपभाड्याहून कमी आला. टोळीतल्या बाईने चहाला बोलावले. कोपीत चुलीपाशी बसून मी तो चहा घेतला. पूड आमच्याच दुकानातली होती.