पुसलेले नाव आणि अर्थापत्ती : ‘डार्क सोल्स’च्या कथेतील रिक्त जागा

कथेत जे सांगितलेले नसते त्याचा अर्थ कोणत्या अधिकाराने लावावयाचा, हा प्रश्न भारतीय शास्त्रपरंपरेला नवा नाही आणि पाश्चात्त्य साहित्यविचारालाही नाही. रोमान इनगार्डेन यांनी १९३१ मध्ये साहित्यकृतीतील अनिर्धारित स्थळांची चर्चा केली. वोल्फगांग ईझर यांनी १९७६ मध्ये वाचनक्रियेचे विवेचन करताना ‘रिक्त जागे’ला मध्यवर्ती स्थान दिले. मात्र या दोघांच्याही समोर छापील ग्रंथ होता. त्यातील रिक्त जागा वाचक मनातल्या मनात भरतो; त्यासाठी त्याला एखाद्या पात्रावर बाण सोडावा लागत नाही. व्हिडिओ गेममध्ये तसा प्रसंग येऊ शकतो.

‘डार्क सोल्स’ हा अद्भुतरम्य खेळ जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेने २०११ मध्ये हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली सिद्ध केला. प्रारंभी काही मिनिटांचे सृष्टिपुराण ऐकविले जाते आणि त्यानंतर निवेदक जवळजवळ मूक होतो. पुढील इतिहास अंगठ्या, तलवारी, चिलखते अशा वस्तूंच्या दोन-चार वाक्यांच्या वर्णनांत, भग्न मूर्तींत आणि अर्धवट बोलून थांबणाऱ्या पात्रांच्या संवादांत विखुरलेला आहे. लहानपणी आपल्या कुवतीपलीकडची पुस्तके वाचताना न कळलेला भाग आपण चित्रे पाहून कल्पनेने भरून काढीत असू, असे मियाझाकी यांनी सांगितले आहे. तेव्हा या खेळातील रिक्तता ही अनवधानाने राहून गेलेली नाही; ती रचनेचे तत्त्व म्हणूनच योजिलेली आहे. प्रश्न उरतो तो ती भरण्याच्या शिस्तीचा.

या दृष्टीने ग्विन या सूर्याधिपतीच्या ज्येष्ठ पुत्राचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. तो युद्धदेव होता. काही मूर्खपणामुळे त्याचे देवत्व हिरावून घेण्यात आले आणि इतिवृत्तातून त्याचे नाव नाहीसे झाले, एवढेच एका अंगठीचे वर्णन सांगते. सूर्ययोद्ध्यांच्या वेदीवरील मूर्ती भग्न आहे. त्या पंथाच्या पदकाच्या वर्णनात मात्र हा जुना युद्धदेव आजही आपल्या योद्ध्यांवर जवळून लक्ष ठेवून असल्याचा उल्लेख येतो. या एका उल्लेखावरून अनेक खेळाडूंनी असा निष्कर्ष काढला, की सूर्याची भक्ती करीत भटकणारा सोलेर नावाचा प्रेमळ योद्धा हाच तो पदच्युत पुत्र होय.

मीमांसकांची अर्थापत्ती येथे उपयोगी पडते. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, असे ज्ञात असेल तर तो रात्री जेवतो, असे मानावे लागते. कारण तसे मानल्याशिवाय त्याच्या पुष्टतेची उपपत्ती लागत नाही. कल्पना सुंदर असणे पुरेसे नाही, ती अपरिहार्य असावी लागते. सोलेरविषयीचा तर्क या कसोटीस उतरत नाही. तो सूर्यपंथाचा अनुयायी आहे, एवढ्यानेच त्याच्या भक्तीची उपपत्ती लागते. त्याला देवपुत्र मानण्याची गरजच निर्माण होत नाही. वास्तविक हा तर्क सोलेरवरील प्रेमातून जन्मला होता, आणि प्रेम हे काही प्रमाण नव्हे.

२०१६ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात एका शिखरावर वादळी ड्रॅगनवर स्वार झालेला एक अनाम राजा भेटतो. तो पूर्वी ड्रॅगनांचा संहार करणारा युद्धदेव होता, विजेचा वारस होता आणि सर्वस्वाचा त्याग करून त्याच ड्रॅगनांना जाऊन मिळाला, असे त्याच्याशी निगडित वस्तूंची वर्णने सांगतात. हाच ग्विनचा पुत्र, असे वाक्य तेथेही कोठे नाही. तथापि ही एकच गोष्ट मानली की युद्धदेवत्व, विजेचा वारसा, नावाचा लोप आणि तो न सांगितलेला ‘मूर्खपणा’ या चारही गोष्टींची संगती लागते. रिक्त जागा तशीच ठेवून तिच्या कडा तेवढ्या रेखीव करण्याचा हा प्रकार आहे.

परंतु ज्या वर्णनांच्या आधारे ही अर्थापत्ती उभी राहते ती स्वतः कितपत विश्वसनीय आहेत? मूळ खेळात आर्टोरियस हा अथांग अंधारात संचार करणारा वीर म्हणून विख्यात आहे. २०१२ च्या पुरवणी भागात खेळाडू भूतकाळातील ऊलासील नगरीत पोहोचतो, तेव्हा आर्टोरियस अंधाराने ग्रासून भ्रष्ट झालेला आढळतो. अंधाराचा उगम असलेल्या मॅनसचा वध खेळाडूच करतो. कीर्ती मात्र आर्टोरियसच्या नावावर जमा होते. म्हणजे वस्तूंची वर्णने ही बखरीसारखी आहेत. त्यांत तथ्य असते, तसाच कुणाचा तरी पक्षही असतो.

अनॉर लोंडो या देवनगरीत हा अविश्वास दृश्य पातळीवर येतो. तेथील राजकन्येवर बाण सोडला की ती विरून जाते आणि सोनेरी प्रकाशात न्हालेले नगर क्षणात काळोखे होते. राजकन्या आणि सूर्यप्रकाश ही दोन्ही ग्विनच्या धाकट्या पुत्राने निर्माण केलेली माया होती. ज्याने आदराने नमन करून पुढचा रस्ता धरला, त्याला आपण फसविलो गेलो हे या मार्गाने कधीच कळत नाही. येथे अर्थ लावणे आणि अपराध करणे ही एकच क्रिया ठरते.

याच खेळातील लोलकाची कथा मात्र निराळी आहे. प्रारंभी निवडावयाच्या भेटवस्तूंत एक लोलक आहे; त्याचा काही उपयोग नाही, जुन्या आठवणींनी प्रवाशाला दिलासा मिळतो इतकेच, असे त्याचे वर्णन आहे. वाक्य पूर्ण आहे. शाब्दबोधाच्या परिभाषेत बोलावयाचे तर तेथे कोणतीही आकांक्षा शिल्लक राहत नाही. पण आपण स्वतः लोलक तरी निवडू किंवा काहीच निवडणार नाही, असे मियाझाकी यांनी मुलाखतीत म्हटले, आणि खेळाडूंनी त्या लोलकाचे रहस्य शोधण्यासाठी सारा प्रदेश पालथा घातला. आकांक्षा संहितेबाहेरून, कर्त्याच्या वचनामुळे उत्पन्न झाली होती. २०१२ मध्ये मियाझाकी यांनी त्या बोलण्यामागे थोडी थट्टा करण्याचा हेतू होता, असे मान्य केले.