फुगलेला कपॅसिटर

संपादकांनी मला धाडले होते ते खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर लिहिण्यासाठी. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या त्या 30 तबकड्यांचा इतिहास छापील पत्रकांत सविस्तर आहेच, तो येथे उतरवून काढण्यात हशील नाही. परंतु आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपणाऱ्या त्या यंत्रास परिसरातील तारांवरच्या ठिणग्यांचाही उपद्रव होतो, हे ऐकल्यावर विजेतला गोंगाट म्हणजे नेमके काय, ही जिज्ञासा मनात बळावली, आणि ती शमली नारायणगावात, संगणक दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या टेबलापाशी.

त्याच्यापुढे एका पतसंस्थेचा जुना मदरबोर्ड होता. प्रोसेसरभोवती उभ्या असलेल्या नळकांड्यांपैकी दोहोंची डोकी फुगली होती आणि एकाच्या माथ्यावर तपकिरी द्रव सुकून बसला होता. "बोर्ड मेला नाही साहेब, कपॅसिटर गेलेत," तो म्हणाला. 12 व्होल्टांच्या पुरवठ्यातून प्रोसेसरला लागणारा सव्वा-दीड व्होल्ट सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करणाऱ्या स्विचांनी घडतो, आणि त्या उघडझापीची खळबळ पोटात घेऊन प्रवाह संथ राखणे हे या नळकांड्याचे काम. आत ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे व द्रवात भिजलेला कागद. उष्णतेने द्रव आटतो, वायू साचतो, आणि स्फोट टळावा म्हणून माथ्यावर मुद्दाम कोरलेली फुली उकलते. या शतकाच्या आरंभी सदोष द्रवाचे असे कपॅसिटर जगभरच्या असंख्य बोर्डांत बसले होते.

नवा कपॅसिटर बसविणे सोपे; जुन्याचे पाय निघता निघत नाहीत. बोर्डाच्या पोटात तांब्याचे थर असतात, आणि ऋण पाय त्यांतल्या विस्तीर्ण ग्राउंडला जोडलेला असल्याने सोल्डरिंग आयर्नची सारी उष्णता तो थर गिळून टाकतो. त्यात शिशाचे सोल्डर 183 अंशांना वितळते, तर बिनशिशाचे सुमारे 217 अंशांना. म्हणून हा गृहस्थ आधी बिनशिशाच्या जुन्या सांध्यावर शिशाचे सोल्डर चढवतो, मग एकेक पाय आळीपाळीने तापवीत नळकांडे डुलवतो. जोर केला तर भोकाचे तांब्याचे अस्तर उपटून येते आणि बोर्ड खरोखरच मरतो. उरलेले सोल्डर तो इंजेक्शनच्या स्टेनलेस स्टीलच्या सुईने काढतो, कारण त्या धातूला ते सहसा चिकटत नाही. बोर्डावरचा अर्धा रंगवलेला गोल बहुधा ऋण बाजू दाखवतो, पण क्वचित धनही. म्हणून जुन्या कपॅसिटरवरच्या ऋण पट्टीची दिशा त्याने अगोदरच कागदावर टिपून ठेवली होती.

एवढे करूनही काम अडलेच. 1500 मायक्रोफॅरड, 6.3 व्होल्ट, 105 अंश हे आकडे जुळणारा माल त्याच्या डब्यात होता. परंतु तो साधा, अंतर्गत रोध (ईएसआर) जास्त असलेला. "हा लावला तर मशीन आज चालू होईल, पण गरम होऊन पुन्हा फुगेल, आणि शिव्या मला," असे म्हणून त्याने डबा मिटला. लो ईएसआरचा माल पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतो, तिथेही नव्या वेष्टनातला जुना माल गळ्यात पडण्याची धास्ती. पतसंस्थेचा शिपाई, मार्चअखेरची निकड सांगत, तासभर बाकावर बसून रिकाम्या हाताने परत गेला.