‘कांकर’ : एका लॅटिन रोगनामाचे डच रूप

लॅटिन ‘कंकेर’ म्हणजे खेकडा. ग्रीक ‘कार्किनोस’प्रमाणे तो रोगवाचकही झाला, इ. स. च्या पहिल्या शतकातील केल्ससच्या वैद्यकग्रंथात तो या अर्थाने आढळतो. जर्मनने अर्थानुवाद करून ‘क्रेब्स’ म्हटले. मराठी ‘कर्करोग’ याच जातीचा. डचने मात्र शब्दच उचलला : ‘कांकर’. त्यात डच भाषकाला खेकडा दिसत नाही. लॅटिन ‘केल्लारिउम’पासून आलेल्या ‘केल्डर’ (तळघर) या शब्दाप्रमाणे येथील दुसरा ककारही प्राचीन उसनवारी सुचवितो खरा. परंतु षष्ठीच्या ‘कंक्री’ या रूपात ककारापुढे रकार असल्याने तो मृदू होण्याचा प्रसंगच नव्हता. तेव्हा केवळ त्यावरून काळ ठरविणे धोक्याचे. हाच शब्द फ्रेंचमार्गे पुन्हा डचमध्ये शिरला तो ‘शांकर’ होऊन, गुप्तरोगातील व्रणासाठी. त्यातील आद्य शकार मात्र निःसंशय फ्रेंचचा.