टक्के एजंटच्या हातात नसतात

दिव्यांग प्रमाणपत्राचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : “एजंट धरल्याशिवाय काम होत नाही, टक्के तोच वाढवून देतो.” याची आता चीड येते. कारण या बोलण्यावर विसंबून पैसे मोजतात ती माणसं, ज्यांचं घर महिन्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसलेलं असतं.

टक्के ठरवतात सरकारी रुग्णालयातले अधिकृत डॉक्टर, केंद्राने राजपत्रात छापलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार. सांधा किती अंश वळतो, किती डेसिबलला ऐकू येतं, हे मोजलं जातं. एकाच व्यक्तीचं पायाचं 40 आणि कानाचं 30 टक्के अपंगत्व मिळून 70 होत नाही. 90 मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून 90 ने भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. होतात साधारण 57. या हिशेबात एजंटला जागाच कुठे आहे? त्याने खोटा कागद आणून दिला, तर फसवून लाभ घेतल्याचा गुन्हा लाभार्थ्यावर येतो. दिव्यांग हक्क अधिनियम 2016, कलम 91 : दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

मग मदत घ्यायचीच नाही का? जरूर घ्या, पण जाणकाराची. “वकील परवडत नाही” हा दुसरा गैरसमज. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987, कलम 12 नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं, तेही 2016 च्या कायद्यानेच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. प्रमाणपत्राच्या अर्जाला फी लागते? स्वावलंबन पोर्टलवर अर्ज मोफत आहे. दिसत नाही ते अपंगत्व नाही? कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यांत थॅलेसेमिया, सिकल सेल, मानसिक आजारही येतात. प्रमाणपत्र आलं की अनुदान आपोआप सुरू? नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयाकडे वेगळा करावा लागतो आणि तिथे मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे.

प्रमाणपत्राचा अर्ज नाकारला, तर कारण लेखी मागा. ते देणं नियमाने बंधनकारक आहे. तो कागद घेऊन जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा आधी 15100 वर फोन करा.