सहा दिवसांची सरासरी

परवा एक निवृत्त गुरुजी वही घेऊन दवाखान्यात आले. घरी ब्लडप्रेशरचे यंत्र आहे आणि रोज सकाळी मोजून लिहून ठेवण्याची त्यांना शिस्त आहे. वर्षभराच्या नोंदींत वरच्या आकड्याची सरासरी 142. मग कोणीतरी सांगितले म्हणून दुधीचा रस सुरू केला. पुढच्या सहा दिवसांचे आकडे असे : 126, 146, 132, 142, 130, 140. सरासरी 136.

"डॉक्टरसाहेब, सहा अंकांनी उतरलं. आता गोळी बंद करू ना?"

वाचकहो, घाई इथेच होते. आधी उलटे धरून पाहावे. समजा रसाने काहीच झाले नाही, खरी सरासरी अजून 142 च आहे. तरीसुद्धा निव्वळ योगायोगाने सहा दिवसांत 136 येईल का? रक्तदाब झोपेने, मिठाने, काळजीने रोज हलतो.

गुरुजी गणिताचे, म्हणून हिशेब त्यांच्याच वहीत मांडला. प्रत्येक आकडा 136 पासून किती लांब, त्यांच्या वर्गांची बेरीज 304. तिला पाचाने (सहातून एक वजा) भागून वर्गमूळ काढले, 7.8. हा रोजचा चढउतार. सरासरी त्याहून कमी हलते, म्हणून 7.8 ला सहाच्या वर्गमुळाने भागले : 3.2. सहा अंकांची घट भागिले 3.2, म्हणजे सुमारे 1.9.

नोंदी भरपूर असत्या तर दोनाच्या आसपास पुरले असते. थोड्या नोंदींवरून काढलेला चढउतारही कच्चाच असतो, म्हणून कसोटी कडक लागते. शंभरात पाच वेळांपेक्षा जास्त फसगत नको असेल, तर सहा नोंदींना 2.57 हवेत. गुरुजींचे तेवढे भरले नाहीत.

ही युक्ती विल्यम गॉसेट यांची. ते डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. 1908 साली त्यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने निबंध छापला. कारखाना दारूचा, पण निबंधातले एक उदाहरण आमच्या धंद्यातले : दहा रुग्ण आणि झोपेचे औषध. सरासरी झोप पाऊण तासाने वाढलेली. पण एकाची साडेतीन तासांहून जास्त वाढली, तर दुसऱ्याची दीड तासाहून जास्त घटली!

"म्हणजे रस फुकट गेला?" गुरुजींचा चेहरा उतरला.

तसेही म्हणता येत नाही. सहा नोंदींनी ठरत नाही, एवढेच. शिवाय हे 136 गोळी चालू असतानाचे, हे ते विसरलेच होते. मनानेच गोळी सोडून अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

गुरुजींनी गोळी चालू ठेवली आहे. आणखी महिनाभराच्या नोंदी घेऊन ते येतील. रस काही सोडला नाही. पण कडू दुधी विषारी असतो हे सांगितल्यापासून आधी फोड जिभेला लावून पाहतात.