अंश रुग्णालयात, छेद खेड्यात

हत्तीरोगाच्या कृमीची एक खोड मोठी अडचणीची आहे. त्याच्या सूक्ष्म अळ्या दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास, डास चावण्याच्या वेळी, अंगभर फिरू लागतात. साहजिकच ज्याला गावातील हत्तीरोगाचे प्रमाण काढावयाचे आहे त्याला निजानीज झाल्यावर घरोघर जाऊन, झोपलेल्या माणसाला उठवून त्याच्या बोटाचे रक्त घ्यावे लागते. दिवसा, बाह्यरुग्ण विभागात, टेबलामागे बसून हे काम होत नाही. वर्धा जिल्हा हत्तीरोगाचा जुना प्रदेश आहे, आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी या रोगाच्या निदानासाठी रक्तचाचण्या विकसित करण्यावर दीर्घकाळ संशोधन केले. या अडचणीची जाणीव वर्ध्याइतकी अन्यत्र क्वचितच असेल.

या रोगाचा एक परिणाम म्हणजे अंडवृद्धी. डायइथाइलकार्बामाझिनच्या गोळ्यांनी रक्तातील अळ्या नष्ट होतात, रोगाचा फैलाव थांबतो. परंतु एकदा वाढलेली अंडवृद्धी गोळ्यांनी ओसरत नाही. तिला शस्त्रक्रियाच लागते. ती फार अवघड नाही, ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकते. जगात अशा प्रकारची विकृती घेऊन जगणाऱ्या पुरुषांची संख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सुमारे अडीच कोटी आहे. हा आजार मारत नाही. तो माणसाला खाली वाकू देत नाही, ओझे उचलू देत नाही आणि लाजेने त्याबद्दल बोलू देत नाही. निंदणी-वेचणीच्या हंगामात मजुरी बुडवून, एस. टी.चे भाडे मोडून, सोबत घरातील आणखी एका माणसाचा रोज घालवून शस्त्रक्रिया करून घ्यावी, असे शेतमजुराला सहसा वाटत नाही. तो पुढच्या वर्षावर ढकलतो, आणि पुढचे वर्ष तसेच जाते.

आता प्रश्न असा की जिल्ह्यात अशी माणसे किती, हे शस्त्रक्रिया विभागाच्या नोंदवहीवरून कळेल काय? १३ लाख लोकवस्तीच्या या जिल्ह्यात दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले सेवाग्रामचे, आणि १९९० चे सावंगी (मेघे) येथील. दोन्ही ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहिल्यावाचून पदवी मिळत नाही, आणि प्राध्यापकाच्या बढतीसाठी प्रसिद्ध झालेले निबंध मोजले जातात. त्यामुळे शल्यचिकित्सा, नेत्र, अस्थी, स्त्रीरोग, अशा एकेका विभागातून दरवर्षी अभ्यासांची रास बाहेर पडते. अमुक इतक्या रुग्णांवर अमुक शस्त्रक्रिया, त्यांतील इतक्यांना जंतुसंसर्ग, इतक्यांत रोगाची पुनरावृत्ती. यांतील बरेचसे काम प्रामाणिक असते. पण 'रोगाचे प्रमाण' हा शब्द जेव्हा अशा अभ्यासाच्या शीर्षकात येतो तेव्हा वाचकाने सावध व्हावे. समजा, एका वर्षात ४०० शस्त्रक्रियांपैकी ४० अंडवृद्धीच्या झाल्या. दहा टक्के हे त्या शस्त्रक्रियागृहाचे प्रमाण झाले. जिल्ह्याचे नव्हे.

हिंगणघाटच्या बाजार समितीत आलेल्या कापसाच्या गाड्या मोजून तालुक्याचे पीक ठरवू पाहणाऱ्याला शेतकरी हसतील. भाव नाही म्हणून घरात रचून ठेवलेला कापूस त्या हिशेबात येतच नाही. रुग्णालयाचेही तसेच. मेयो क्लिनिकचे संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ सालीच दाखवून दिले होते की, रुग्णालयात येणाऱ्यांची निवडच एकांगी असल्याने तेथे नसलेले संबंध दिसतात आणि असलेले झाकले जातात. वर्ध्यात या एकांगीपणाला भूगोलाचीही जोड आहे. दोन्ही महाविद्यालये वर्धा शहराच्या अवतीभवती, काही किलोमीटरांच्या आत आहेत. उत्तर टोकाच्या आष्टी आणि कारंजा तालुक्यांतील माणूस तेथवर कमी पोचतो, म्हणून तो कमी आजारी दिसतो. आणि तो कमी आजारी दिसतो म्हणून त्याच्या तालुक्यात शल्यचिकित्सकाची निकड कोणाला भासत नाही. अपूर्णांकाचा अंश रुग्णालयात मोजला जातो, छेद खेड्यातच राहतो.

छेद मोजल्याने काय घडते याचे उदाहरण विदर्भातच आहे. सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, दवाखान्यात आलेल्यांची नव्हे, गावात राहणाऱ्यांची. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग आढळले, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के निघाल्या. केवळ रुग्णालयाच्या नोंदींवर विसंबणाऱ्याला या दुखण्याचा फार थोडा भाग दिसला असता. जगभरच्या स्त्री-आरोग्याच्या धोरणांत या दोन गावांचा दाखला पुढे वर्षानुवर्षे दिला गेला.

रुग्णालयाच्या भिंतींच्या आतही छेद काटेकोर ठेवता येतो, हेही सेवाग्रामनेच दाखविले आहे. २००५ साली 'जामा' या अमेरिकी नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तेथील ७२६ आरोग्यसेवकांची क्षयसंसर्गासाठी दोन पद्धतींनी चाचणी झाली. निम्म्यांत कोणत्या ना कोणत्या चाचणीने संसर्ग दिसला. रुग्णांऐवजी स्वतःच्याच माणसांना मोजण्यास थोडे धैर्य लागते. ते दाखविले गेले म्हणूनच त्या आकड्याला वजन आले.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत आणखी एक छेद असतो, तो शस्त्रक्रियेनंतरचा. रुग्ण टाके काढून गेला आणि परत आला नाही, तर तो बरा झाला असे धरण्याचा मोह अनावर असतो. वस्तुतः तो दुसऱ्या दवाखान्यात गेलेला असेल, नाहीतर दुखणे सहन करीत घरी बसलेला असेल. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे निर्जंतुक केलेले कापड हर्नियाच्या शस्त्रक्रियेत वापरले आणि इतर ग्रामीण शल्यचिकित्सकांसह त्याचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध केला. कल्पना महाराष्ट्राच्या एका छोट्या गावातली, आणि बचत अफाट. तथापि या प्रकारच्या जाळीला जगाची मान्यता मिळाली ती २०१६ साली, युगांडात ३०२ पुरुषांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीनंतर. तेथे एका वर्षाने ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पुन्हा तपासले गेले. स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, महाग जाळीच्या गटात एकाचाही नाही. फरक नगण्य ठरला. तशी चाचणी महाराष्ट्रात का झाली नाही? शल्यचिकित्सकांचे कौशल्य येथे उणे नव्हते. रुग्णाला वर्षभराने त्याच्या घरी जाऊन गाठण्याचा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता, हे त्याचे एक कारण असावे.

हा खर्च काही डोंगराएवढा नाही. सेवाग्रामच्या परिसरात डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या दशकात ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्यविमा चालविला. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि अकस्मात आलेल्या आजाराला रुग्णालयात मोफत उपचार. हर्निया किंवा मोतीबिंदूसारख्या आधी ठरविता येणाऱ्या उपचारांना सवलत वेगळी. विम्याचे अर्थशास्त्र शिकविणाऱ्यांनी ही योजना मुळातून अभ्यासावी अशी आहे. येथे महत्त्वाचे एवढेच की, सभासद कुटुंबांची यादी हाती असल्यामुळे कोण आले आणि कोण आले नाही, हे कळण्याची सोय तीत आपोआप होती. शिवाय सेवाग्रामच्या प्रत्येक नव्या तुकडीतील विद्यार्थी एका खेड्यात पंधरा दिवस मुक्कामाला जातात, काही कुटुंबे दत्तक घेतात. यादी तेथेही तयार असते. शस्त्रक्रिया सांगितली गेली पण झाली नाही असे घरात कोणी आहे काय, आणि झाली असल्यास तो आता कामावर जातो काय, हे दोन प्रश्न तिला जोडण्यास नवा निधी लागत नाही.

पैसा लागेल तो दुसऱ्या गोष्टीला. तपासणीसाठी पुन्हा बोलावलेल्या मजुराचा बुडालेला रोज कोणी द्यावयाचा? रुग्णाला पैसे देणे म्हणजे आमिष दाखविणे, असा आक्षेप नीतिमत्ता समित्यांत अजूनही घेतला जातो. तो फोल आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई मान्य केली आहे. प्रबंधाच्या अंदाजपत्रकात टंकलेखन, छपाई, बांधणी यांचे रकाने असतात. आष्टीहून वर्ध्यापर्यंतचे जाण्यायेण्याचे भाडे आणि दोन दिवसांची मजुरी, असा आणखी एक रकाना त्यांखाली आखावयाचा आहे.