कशावर हसायचं, हे घरात ठरतं

विनोदबुद्धी उपजतच असावी लागते, असं आपण सर्रास म्हणतो. एखादा मुलगा हजरजबाबी निघाला की 'अगदी आजोबांवर गेलाय' असं कौतुक होतं. विनोद रक्तातून येतो, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी २००० साली हे गृहीतक तपासून पाहिलं. जुळ्या बहिणींच्या १२७ जोड्यांना त्यांनी गॅरी लार्सन या अमेरिकन व्यंगचित्रकाराची पाच व्यंगचित्रं दाखवली आणि प्रत्येक चित्राला शून्य ते दहापैकी गुण द्यायला सांगितलं. यातल्या ७१ जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या होत्या, म्हणजे दोघींची जनुकं सारखीच. उरलेल्या ५६ जोड्यांमध्ये जनुकांचं साम्य सख्ख्या बहिणींमध्ये असतं तेवढंच.

विनोदाची आवड जनुकांतून येत असती, तर एकसारख्या जुळ्या बहिणींचे गुण एकमेकींशी अधिक जुळायला हवे होते. तसं आढळलं नाही. बहिणीबहिणींची आवड जुळत होती खरी, पण त्यामागचं कारण जनुकं नव्हती. दोघी एकाच घरात वाढल्या, हे होतं.

एकाच घरात वाढणं म्हणजे काय? मोठ्यांच्या गप्पा, पाहुण्यांची चेष्टामस्करी, कपाटातली पुस्तकं. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि महाराष्ट्रातल्या घरांमध्ये यात टीव्हीची भर पडली. पुढच्या पन्नास वर्षांत वाढलेल्या मुलांच्या कानावर पडलेले कितीतरी विनोद या पडद्यावरून आले. ते मनात रुजले कसे, हे समजून घ्यायचं तर आधी हसू येताना डोक्यात काय घडतं ते पाहायला हवं.

अपेक्षाभंग आणि उलगडा

जेरी सल्स या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये विनोदाचे दोन टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात अपेक्षाभंग होतो. जे घडेल असं वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच काही समोर येतं. दुसऱ्या टप्प्यात त्या विसंगतीचा उलगडा होतो आणि हसू फुटतं. नुसतीच विसंगती असेल तर माणूस गोंधळतो. उलगडा झाला तरच मजा येते.

मेंदूतही हे दोन टप्पे वेगवेगळे दिसतात. जोसेफ मोरान आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये 'साइनफेल्ड' आणि 'द सिम्प्सन्स' या अमेरिकन मालिकांचे भाग दाखवत प्रेक्षकांच्या मेंदूची स्कॅन-चित्रं घेतली. विनोद कळण्याच्या क्षणी मेंदूच्या डाव्या बाजूचे, अर्थ लावण्याशी संबंधित भाग अधिक सक्रिय झाले. विनोदाची मजा घेताना मात्र भावनांशी निगडित अमिग्डाला आणि इन्सुला हे भाग पुढे आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अ‍ॅलन रीस यांच्या गटाने २०१२ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांना गमतीदार व्हिडिओ दाखवून असाच अभ्यास केला. विसंगती टिपणारे आणि आनंदाची पावती देणारे, असे दोन्ही प्रकारचे भाग या वयातही काम करताना दिसले.

अपेक्षाभंग व्हायचा तर आधी अपेक्षा असायला हवी. पाहुणा घरी आला की काय बोलतो, साहेब कसा वागतो, बायको नवऱ्यावर का रागावते, हे ठाऊक असेल तरच ते उलटंपालटं झाल्यावर हसू येतं. मूल हे सगळं आजूबाजूच्या माणसांकडून शिकतं आणि मालिकांतूनही शिकतं.

१९८४ साली आलेली 'ये जो है जिंदगी' आठवून पाहा. हिंदी व्यंगकार शरद जोशींनी लिहिलेल्या या मालिकेत सतीश शाह जवळजवळ प्रत्येक भागात नव्या पात्राच्या रूपात येत. चेहरा ओळखीचा, पण माणूस दर वेळी निराळा. पाहणाऱ्या मुलाला एवढं पक्कं माहीत असे की हा गृहस्थ येणार. कोण म्हणून येणार हे मात्र ठाऊक नसे. दार उघडलं, तो नव्या वेषात उभा दिसला की आधी क्षणभर अनोळखी वाटावं आणि लगेच ओळख पटावी. अपेक्षाभंग आणि उलगडा या दोन्ही पायऱ्या मूल त्या एका क्षणात चढत असे. आठवड्यामागून आठवडे हेच घडलं की विसंगती हेरायची सवय अंगवळणी पडते.

वयाप्रमाणे बदलणारं हसू

मुलांच्या विनोदाचा अभ्यास करणाऱ्या पॉल मॅकगी यांनी त्याच्या वाढीचे टप्पे सांगितले आहेत. दुसऱ्या वर्षात मूल वस्तूंचा उलटा वापर करून हसतं. वाटी डोक्यावर घालतं, कंगवा कानाला लावून फोनवर बोलतं. मग नावांची अदलाबदल सुरू होते. मांजराला भूभू म्हणून ते खदखदतं. तिसऱ्या वर्षानंतर कल्पनेतल्या विसंगतीची गंमत वाटू लागते. सातव्या वर्षाच्या आसपास शब्दांचे दोन अर्थ उमगतात आणि कोडी, कोट्या आवडू लागतात. उपरोध पाचव्या-सहाव्या वर्षी थोडा थोडा कळू लागतो, पण तो मुरायला पुढे बरीच वर्षं जातात.

म्हणून एकच कार्यक्रम दोन वयांना दोन प्रकारे हसवतो. 'शिन-चॅन' हे त्याचं ठळक उदाहरण. योशितो उसुई यांनी १९९० साली ही चित्रमालिका मोठ्यांसाठीच्या जपानी नियतकालिकात सुरू केली. तिच्यात मध्यमवर्गीय जपानी कुटुंबाची ओढाताण होती, नवरा-बायकोचे टोमणे होते. हिंदी आवाजात तिचं कार्टून आपल्याकडे आलं ते लहान मुलांच्या वाहिनीवर. सहा वर्षांचं मूल शिन-चॅनच्या लांबवलेल्या आवाजाला आणि नाचाला हसतं. आईच्या त्राग्यामागचा संसाराचा ताण त्याच्यापर्यंत पोचत नाही. तोच भाग विसाव्या वर्षी पाहिला की ती दुसरी गंमत हाती लागते.

अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट'ने हे दोन थर मुद्दाम रचले. मुलांसाठी बाहुल्यांची धमाल आणि मोठ्यांसाठी विडंबन, म्हणजे आईवडीलही शेजारी बसून राहतील. आपल्याकडे २००६ मध्ये आलेलं 'गल्ली गल्ली सिम सिम' याच कुळातलं.

पुन्हा पुन्हा तेच का?

मुलं तोच भाग दहा वेळा पाहतात आणि दर वेळी तिथेच हसतात. मोठ्यांना याचा कंटाळा येतो, पण मुलांच्या दृष्टीने ही शिकण्याची रीत आहे. 'ब्लूज क्लूज' या अमेरिकन बालकार्यक्रमाचा एकच भाग आठवड्यात ओळीने पाच दिवस दाखवला जात असे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डॅनियल अँडरसन यांच्या गटाने तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर याचा परिणाम तपासला. पुन्हा पाहताना मुलांचं आकलन वाढलं, आणि ती पडद्याकडे पाहून अधिकाधिक बोलू लागली, उत्तरं देऊ लागली.

विनोदाच्या बाबतीत याचा अर्थ मोठा आहे. पहिल्या वेळी मूल घटना समजून घेतं. नंतर ते वाक्याआधीचा थांबा, चेहऱ्यावरचा बदल, आवाजाची चढउतार टिपतं. मग ते वाक्य स्वतः म्हणून दाखवतं. पालुपदं आणि नकला अशाच घराघरांत पसरतात. कुठलं वाक्य किती थांबून टाकायचं, ही विनोदातली सर्वांत अवघड गोष्ट मुलं या पारायणातून उचलतात.

शेजारी कोण हसतंय?

आता या साऱ्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अँटनी चॅपमन यांनी १९७३ मध्ये सात वर्षांच्या आसपासच्या मुलांना हेडफोनवर गमतीदार मजकूर ऐकवला. एकट्याने ऐकताना मुलं कमी हसली. सोबतचं मूलही तोच मजकूर ऐकत असेल तेव्हा सर्वांत जास्त हसली. लंडनच्या कॅस्पर अ‍ॅडिमन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अडीच ते चार वर्षांच्या मुलांना कार्टून दाखवली, कधी एकेकट्याला, कधी जोडीने, कधी गटात. सोबत असताना मुलं एकटं असतानाच्या तुलनेत सुमारे आठपट हसली. त्यासाठी गर्दी लागली नाही; एक सोबती पुरला.

मोठ्यांचंही तेच आहे. टीव्हीवरच्या विनोदाला ध्वनिमुद्रित हशा जोडण्याचं तंत्र चार्ली डग्लस या अमेरिकन ध्वनी अभियंत्याने १९५०च्या दशकात रुजवलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या सोफी स्कॉट यांच्या गटाने २०१९ मध्ये मुद्दाम निवडलेल्या सपक विनोदांना असा हशा जोडून पाहिला. हशा जोडताच तेच विनोद लोकांना अधिक गमतीदार वाटले, आणि कृत्रिम हशापेक्षा मनापासूनच्या हशाचा परिणाम अधिक झाला.

सत्तर-ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या चाळींमध्ये, वाड्यांमध्ये एका टीव्हीसमोर चार बिऱ्हाडांची मुलं आणि मोठी माणसं जमत. चिं. वि. जोशींच्या लेखणीतून उतरलेले चिमणराव आणि गुंड्याभाऊ, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात, मुलांनी असे घोळक्यात बसून पाहिले. चिमणरावाचा किनरा आवाज आणि उडालेली भंबेरी पाहून मूल हसत होतंच. पण आपले वडीलही एका कुटुंबप्रमुखाच्या फजितीवर मोकळेपणी हसताहेत, हेही त्याला दिसत होतं. कर्त्या माणसाचं चुकतं आणि त्यावर कुणालाही न दुखावता हसता येतं, हा धडा पडद्यावर अर्धाच होता. उरलेला अर्धा खोलीत बसलेल्या माणसांनी पुरा केला.

हीच शक्ती उलट्या दिशेनेही काम करते. अंगाने जाड माणूस, तोतरं बोलणारा, सावळ्या रंगाची मुलगी, गावाकडची बोली, साडी नेसलेला पुरुष, यांच्यावरचे विनोद आपल्या पडद्यावर वर्षानुवर्षं चालत आले आहेत. अशा वेळी घरातली माणसं हसली की मुलाला परवानगी मिळते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की ज्यांच्या मनात स्त्रियांबद्दल आधीच आकस होता, त्या पुरुषांनी स्त्रियांची टिंगल करणारे विनोद वाचल्यावर स्त्रियांच्या संस्थेला कमी देणगी देण्याची तयारी दाखवली. 'गंमत केली' या नावाखाली मनातला आकस उघड करायला मोकळीक मिळते. शाळेत ज्या मुलाला त्याच्या शरीरावरून चिडवलं जातं, त्याच्यासाठी ही गंमत नसते.

स्वभावाचा वाटा, घराचा वाटा

लहानपणी पाहिलेल्या टीव्हीने माणूस कायमचा घडून जातो, असं मात्र नाही. रॉड मार्टिन यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली सांगितल्या: माणसं जोडणारी, स्वतःला धीर देणारी, दुसऱ्याला टोचणारी आणि स्वतःलाच कमी लेखणारी. नंतर झालेल्या जुळ्यांच्या अभ्यासांमध्ये या शैलींवर जनुकांचाही प्रभाव आढळला. म्हणजे विनोद कसा करायचा, यात स्वभावाचा वाटा आहे. कशावर हसायचं, यात घराचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्या हातात आहे.

आज मूल कानात हेडफोन घालून, मोबाइलवर एकटं विनोद पाहतं. मजकूर पूर्वीपेक्षा कितीतरी पट अधिक आहे. सोबत आटली आहे. चॅपमन आणि अ‍ॅडिमन यांच्या प्रयोगांकडे पाहिलं तर खरी चिंता या एकटेपणाची वाटायला हवी. त्यावरचा उपाय साधा आहे. दिवसातला एक कार्यक्रम मुलासोबत बसून पाहा. ते हसलं की 'तुला यात गंमत कुठे वाटली?' असं विचारा. सहा वर्षांचं मूलही त्याचं उत्तर देऊ शकतं आणि ते देताना विसंगती शोधायला शिकतं. तोच भाग पुन्हा लावला तर अडवू नका. आणि कुणाच्या रंगावर, अंगावर, बोलीवर विनोद झाला तर हसू नका, आणि का हसला नाही ते त्याला सांगा. मुलांच्या पुस्तकांची निवड आपण विचारपूर्वक करतो. त्यांना हसवणाऱ्या कार्यक्रमांकडेही तितक्याच गांभीर्याने पाहायला हवं.